सलाईननंतर डोळ्याच्या आत बुरशी : कुणाला अनुभव आहे का?

रानजाई | ४ मे, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. एरवी मी बागकामाच्या आणि पाककृतींच्या धाग्यांवरच असते. आज वेगळ्या कारणाने लिहितेय.

माझा धाकटा भाऊ, वय ३४, बार्शी तालुक्यात शेती करतो. मार्चमध्ये त्याला जुलाब-उलट्या झाल्या. अंगात त्राण राहिलं नाही म्हणून जवळच्या दवाखान्यात दोन दिवस सलाईन लावलं. बरा झाला, कामाला लागला. साधारण बारा दिवसांनी उजवा डोळा लाल झाला आणि समोर जाळी धरल्यासारखं दिसायला लागलं. "चुलीच्या धुरात बसल्यागत दिसतंय," असं तो फोनवर म्हणाला होता. एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळ्याच्या आत सूज आहे म्हणून स्टिरॉइडचे थेंब आणि गोळ्या दिल्या. दोन-तीन दिवस छान वाटलं, लाली उतरली, आम्ही निर्धास्त झालो. आठव्या दिवशी त्या डोळ्यापुढे हात हलतोय एवढंच त्याला कळत होतं.

मग पुण्यात पडद्याच्या डॉक्टरांकडे आणलं. आत शिरल्या शिरल्या त्यांनी विचारलं, "गेल्या महिन्याभरात सलाईन लागलं होतं का?" आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. त्याच रात्री ऑपरेशन झालं. डोळ्यातला जेलीसारखा पदार्थ काढून तपासायला दिला आणि डोळ्यातच बुरशी मारणाऱ्या अ‍ॅम्फोटेरिसिनचं इंजेक्शन दिलं. रिपोर्टमध्ये कॅन्डिडा बुरशी आली. आता व्होरिकोनॅझोलच्या गोळ्या चालू आहेत.

ऑपरेशनला तीन आठवडे झाले. आता त्याला दीड-दोन मीटरवरून बोटं मोजता येतात. माझे प्रश्न असे : यातून कुणाची नजर परत आली आहे का, आणि किती? दुसऱ्या डोळ्याला धोका असतो का? आणि तो रोज एकच विचारतो, ट्रॅक्टर कधी चालवू? त्याला काय सांगू?

माळरान | ४ मे, रात्री ९:४०

बाप रे. सलाईनमधून डोळ्यात बुरशी जाते हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. भावाला लवकर आराम पडो.

कृष्णाकाठ | ४ मे, रात्री १०:२५

ताई, तुमच्या भावाची केस वेगळी आहे, पण बुरशी आमच्याही घरात येऊन गेलीय म्हणून लिहितो.

आम्ही कराडकडचे, ऊसवाले. तीन वर्षांपूर्वी वडील फडात होते. वाळलेल्या पाचटाचं टोक सपकन डाव्या डोळ्यात लागलं. उसाचं पान ज्यानं हाताळलंय त्याला माहीत आहे, कडेला करवतीसारखे बारीक दात असतात. डोळा चोळला, पाणी मारलं, पुन्हा कोयता घेतला. दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून एक थेंबाची बाटली आणली. तिच्यात स्टिरॉइड होतं हे आम्हाला खूप नंतर कळलं. पाचव्या दिवशी बुबुळावर भुरकट पांढरा डाग, कडा पिसासारख्या फिसकटलेल्या, आणि बुबुळामागे खाली पूची रेघ.

नॅटामायसिनचे थेंब चालू झाले, सुरुवातीला दर तासाला, रात्रीसुद्धा. मी, बायको आणि आई, तिघांनी पाळ्या लावून घेतल्या. औषध दुधासारखं पांढरं असतं आणि तळाशी साका बसतो, म्हणून दर वेळी बाटली हलवायची. सकाळी पापण्यांच्या केसांवर पांढरी पूड वाळलेली असायची, ती कापसानं पुसायची. ४० दिवसांनी व्रण भरला. फूल राहिलं, पण डोळा राहिला. त्या डोळ्यानं वडील आता माणूस ओळखतात, पेपर वाचत नाहीत.

सिद्धेश_नगर | ४ मे, रात्री १०:५८

म्हणजे दर तासाला औषध असेल तर माणूस झोपतो कधी?

कृष्णाकाठ | ४ मे, रात्री ११:०६

झोपत नाही. पहिले तीन दिवस वडील बसल्या जागी डुलक्या घ्यायचे. आई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन थेंब घालायची.

नेत्रांजन | ५ मे, सकाळी ७:१५

मी नेत्रतज्ज्ञ आहे. इथून कुणाचा उपचार करणार नाही, तो तुमच्या डॉक्टरांचाच. पण या धाग्यावर पुढे गल्लत होईल म्हणून आधीच सांगते.

"डोळ्याला बुरशी" म्हणताना लोक तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. कृष्णाकाठ यांच्या वडिलांना झाली ती बुबुळावरच्या पारदर्शक काचेची, म्हणजे कॉर्नियाची. इजेतून बाहेरून येते. फ्युजेरियम आणि अ‍ॅस्परजिलस या आपल्याकडच्या नेहमीच्या जाती, माती आणि पिकाच्या काडीकचऱ्यावर असतात. रानजाई यांच्या भावाला झाली ती डोळ्याच्या पोटातली. ती रक्तातून येते. पडद्यामागच्या थरात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं आहे, तिथे बुरशी अडकते, रुजते आणि पुढे जेलीत फुटते. तपासताना पांढऱ्या कापसाचे पुंजके दिसतात, कधी कधी मोत्यांची माळ तरंगावी तसे ओळीने. आणि तिसरी २०२१ साली सगळ्यांच्या तोंडी होती ती म्युकर. ती नाक आणि सायनसमधून डोळ्याच्या खोबणीत शिरते.

स्टिरॉइडने आधी बरं का वाटलं? डोळा लाल होतो, दुखतो तो शरीर बुरशीशी झगडतं म्हणून. स्टिरॉइड ते झगडणंच थांबवतं. लाली जाते आणि आत बुरशीला रान मोकळं मिळतं. पण पहिल्या डॉक्टरांबद्दल एक सांगायला हवं. सुरुवातीच्या दिवसांत कॅन्डिडा हुबेहूब साध्या आतल्या सुजेसारखी दिसते. फरक बहुतेक वेळा पेशंटच्या बोलण्यातून कळतो : सलाईन, आयसीयूतला मुक्काम, लघवीची नळी, साखर, मोठं ऑपरेशन. विचारलं नाही तर पेशंट सांगत नाही, कारण जुलाबाचा आणि डोळ्याचा संबंध त्याला कसा सुचावा?

दुसऱ्या डोळ्याविषयी : या डोळ्यातून त्या डोळ्यात ती जात नाही. पण रक्त दोन्हीकडे जातं, म्हणून दर भेटीत दोन्ही डोळे बाहुल्या मोठ्या करून तपासून घ्या. नजर किती येईल हे बुरशी पडद्याच्या मध्यबिंदूवर बसली होती की कडेला, यावर बरंच ठरतं. हा प्रश्न डॉक्टरांना याच शब्दांत विचारा.

रानजाई | ५ मे, सकाळी ९:३०

नेत्रांजन, मनापासून आभार. विचारते. अजून एक. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात त्याला सगळं एकदम लख्ख दिसतं, रंग भडक होतात, कडेला चमकतं. परवा तो घाबरून अंगणात येऊन बसला, म्हणाला डोळा गेला.

नेत्रांजन | ५ मे, सकाळी ९:५२

व्होरिकोनॅझोलने असं होतं, बऱ्याच जणांना होतं आणि थोड्या वेळात जातं. तरी डॉक्टरांच्या कानावर घालाच. गोळी जेवणाच्या तासभर आधी किंवा तासभर नंतर घ्यायची असते. यकृताची रक्ततपासणी चुकवू नका. आणि शेतकरी माणूस आहे म्हणून मुद्दाम सांगते : या गोळीवर ऊन बाधतं, कातडी भाजते. टोपी, पूर्ण बाह्या. गोळी घेतल्यावर गाडी किंवा यंत्र चालवायचं नाही, म्हणजे ट्रॅक्टरच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच मिळालं.

पाटावरवंटा | ५ मे, दुपारी १:१०

आमच्या आजोळी, कोकणात, भात झोडताना डोळ्यात कुसळ गेलं की एका आजीकडे नेत. ती जिभेच्या टोकानं ते काढायची. मग ओल्या बाळंतिणीच्या दुधाचे दोन थेंब. माझंही लहानपणी असं काढलंय, डोळा आजही शाबूत आहे. सगळंच जुनं टाकाऊ नसतं.

सिद्धेश_नगर | ५ मे, दुपारी १:२६

म्हणून तर म्हण आहे, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं. आजींना खरोखर दिसायचं आणि काढताही यायचं!

नेत्रांजन | ५ मे, दुपारी ३:४०

पाटावरवंटा, त्या आजींचा हात हलका होता यात शंका नाही आणि त्यांनी ते मायेनेच केलं. पण कुसळ निघालं तरी बुबुळावर ओरखडा राहतो, आणि त्याच उघड्या जागेवर आपण थुंकी, दूध, मध, एरंडेल घालतो. दहा जणांचं निभावतं. अकराव्याचं निभावत नाही आणि तो मग माझ्यासमोर पूने भरलेला डोळा घेऊन बसलेला असतो. मी हे पाहते म्हणून कळवळून सांगते.

नेपाळमधल्या भक्तपूरचा अभ्यास आहे, २००१ साली प्रसिद्ध झालेला. तिथे गावातल्याच स्वयंसेवकांना ओरखडा ओळखायला शिकवलं आणि साधं क्लोरॅम्फेनिकॉलचं, म्हणजे जिवाणू मारणारं, मलम तीन दिवस लावायला सांगितलं. लवकर आलेल्या जवळजवळ सगळ्यांचे डोळे व्रण न होता बरे झाले. त्या मलमाने बुरशी मरत नाही. पण जखमेवर भलतंसलतं पडलं नाही, ती नीट भरली की आत शिरायला वाट उरत नाही. तुमच्या आजोळच्या आजींसारख्या बायकांच्याच हाती ते मलम द्यावं असं मला फार वाटतं. गाव आधी त्यांच्याकडे जातं, माझ्याकडे नाही.

पाटावरवंटा | ५ मे, संध्याकाळी ५:०२

हे पटलं. माझ्या मामेबहिणीला कळवते, ती आशाताई आहे.

पेट्रीडिश | ५ मे, रात्री ८:३५

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये आहे. आमच्याकडची बाजू सांगते, कारण ती कुणाला दिसत नाही.

बुबुळाचा खरवड आला की काचपट्टीवर ठेवून त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकते, वर पातळ काच. पेशी विरघळतात, बुरशीचे तंतू तसेच राहतात. मग मायक्रोस्कोपखाली राखाडी पसाऱ्यात अचानक काचेच्या नळ्यांसारखे, मध्ये पडदे असलेले, फाटे फुटलेले धागे दिसतात. या सगळ्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात, खर्चही फारसा नाही. ते दिसल्याक्षणी मी आधी फोन उचलते, लेखी रिपोर्ट नंतर. कारण तिकडे स्टिरॉइड चालू असेल तर ते त्याच संध्याकाळी थांबायला हवं.

डोळ्याच्या आतलं पाणी येतं तेव्हा सिरिंजमध्ये जेमतेम काही थेंब असतात. त्यातलेच काचपट्टीला, त्यातलेच कल्चरला, म्हणजे बशीत बुरशी वाढवून बघायला. कॅन्डिडा असेल तर ग्रॅम नावाच्या पद्धतीने रंगवल्यावर जांभळे अंडाकृती दाणे आणि त्यांना फुटलेले कोंब. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस असेल तर काही दिवसांत बशीत पिवळट हिरवी मखमल पसरते. सुंदर दिसते, पण ती कुणाच्या तरी डोळ्यातून आलेली असते आणि मला दर वेळी गलबलतं. बुरशी सावकाश वाढते, म्हणून बश्या दोन आठवडे ठेवतो. कल्चरचा रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आला नाही म्हणून लॅबवर चिडू नका.

जुनीपाने | ५ मे, रात्री ९:१८

थोडं इतिहासाचं. बुबुळाच्या बुरशीची पहिली नोंद जर्मनीत थिओडोर लेबर यांनी १८७९ साली केली. पेशंट शेतकरीच होता, मळणीच्या वेळी ओटचं तूस डोळ्यात उडालेला. कृष्णाकाठ यांची पोस्ट वाचली आणि तीच आठवण झाली. पीक बदललं, देश बदलला, दुखणं तेच.

आणि नॅटामायसिन मूळचं दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतातल्या मातीतलं. तिथल्या एका जिवाणूपासून १९५५ साली वेगळं केलं, म्हणून नावात नाताळ. हेच औषध परदेशात चीजच्या सालीला बुरशी लागू नये म्हणून लावतात, पाकिटावर ई २३५ असं असतं.

माळरान | ५ मे, रात्री ९:३३

अरे वा! फ्रीजमधलं पाकीट काढून बघितलं, आहे की! घरचे सगळे गोळा झालेत बघायला.

सिंगापूरकर_काकू | ६ मे, सकाळी ६:४८

माझा अनुभव २००६ चा, सिंगापूरमधला. मी तेव्हा कॉन्टॅक्ट लेन्स वापरायचे. त्या वर्षाच्या सुरुवातीला तिथे लेन्स वापरणाऱ्यांच्या डोळ्यांत फ्युजेरियम सापडायला लागलं, मग अमेरिकेतही. एका लेन्स धुण्याच्या द्रावणाशी संबंध जुळला आणि मे २००६ मध्ये ते जगभरातून मागे घेतलं गेलं. माझ्या मैत्रिणीला झालं होतं. ना शेत, ना पाचट, वातानुकूलित ऑफिसात बसणारी मुलगी. पुढे बुबुळ बदलावं लागलं. तेव्हापासून मी चष्म्यावर आले ती आलेच. घरातल्या मुलामुलींना एवढंच सांगते, लेन्सच्या डबीतलं जुनं पाणी फेका, त्यातच नवं ओतू नका आणि लेन्सला नळाचं पाणी लावू नका.

सिस्टर_आवळे | ६ मे, सकाळी ११:२०

मूळ धागा सलाईनचा आहे, त्यावर मला बोलायचंय. २२ वर्षं नर्स आहे.

सलाईन बनवणाऱ्या कारखान्यात चूक झाली असेल असं लोक लगेच म्हणतात. कधी असेलही. पण मी स्वतःच्या डोळ्यांनी काय काय पाहिलंय सांगते. बाटलीत हवा जावी म्हणून वरून उघडी सुई टोचतात आणि ती तशीच ठेवतात. एक बाटली सकाळी अर्धी, उरलेली संध्याकाळी. बाटलीला केसाएवढी चीर असते, खोक्यात आपटलेली, कुणी उजेडात धरून बघत नाही. हाताला सुई लावायची जागा स्पिरिटने पुसतात आणि लगेच त्यावर बोट फिरवून शीर चाचपतात. डेक्स्ट्रोज म्हणजे साखरेचं पाणी. त्यात बुरशीचा एक कण गेला तर त्याला जेवण तयार आहे.

दवाखाना_रोड | ६ मे, दुपारी १२:४५

सिस्टर, माझं गावात मेडिकल आहे. तुम्ही म्हणता ते खरं, पण मागणी लोकांचीच असते हेही लिहा. "डॉक्टर गोळ्याच देतो, सलाईन लावत नाही" म्हणून माणसं दुसऱ्या दवाखान्यात जातात. पेरणीच्या आधी, यात्रेच्या आधी, "ताकदीचं" म्हणून सलाईन लावून घेणारे पाहिलेत.

सिस्टर_आवळे | ६ मे, दुपारी १:३०

मान्य. म्हणून हिशेब सांगते. ५ टक्के डेक्स्ट्रोजची ५०० मिलीची बाटली म्हणजे २५ ग्रॅम साखर, पाच-सहा चमचे. ताकदीला एवढंच हवं असेल तर एक पेला लिंबू सरबत आणि दोन केळी जास्त देतील, आणि शिरेला भोकही नाही.

माळरान | ६ मे, दुपारी २:०५

पण रानजाईताईंच्या भावाला जुलाब होते, तिथे सलाईन लागतंच ना? नाहीतर लोक सलाईनलाच घाबरतील आणि जुलाबात दगावतील.

सिस्टर_आवळे | ६ मे, दुपारी २:४०

बरोबर बोललात आणि हे लिहायचं राहिलंच होतं. पोटात पाणीही ठरत नसेल, माणूस सुकून चालला असेल तर सलाईन जीव वाचवतं, तिथे एक मिनिटही मागेपुढे बघायचं नाही. तोंडाने पिता येत असेल तर ओआरएस. सलाईन लागणारच असेल तर शेजारी बसलेल्या नातेवाइकाने बाटली आपल्यासमोर नवी उघडायला सांगावं, उजेडात धरून बघावं, बाटलीत सुई टोचू देऊ नये. भांडायचं नाही, नुसतं विचारायचं. डोळ्याला न दिसणारी बुरशी अशाने कळणार नाही, पण हात सावध होतात.

नेत्रांजन | ६ मे, रात्री १०:१५

सिस्टर, तुमची पोस्ट छापून लावावी अशी आहे. एरवी धडधाकट असलेल्या माणसांना डेक्स्ट्रोजच्या सलाईननंतर डोळ्याच्या आत बुरशी झाल्याची मालिका चंडीगढच्या डॉक्टरांनी २००० साली मांडली होती. मी शिकत असताना आमच्या सरांनी तो लेख वाचायला लावला, तेव्हापासून लाल डोळा आणि पुढे जाळी असं कुणी सांगितलं की माझ्या तोंडून सलाईनचा प्रश्न आपोआप निघतो.

कुणीतरी व्यक्तिगत निरोपात विचारलंय, इंजेक्शन थेट डोळ्यात कशाला, शिरेतून का नाही? अ‍ॅम्फोटेरिसिन शिरेतून दिलं तर डोळ्याच्या आत फार कमी पोचतं, मेंदूसारखीच डोळ्यालाही रक्ताची चाळण आहे. म्हणून थेट आत द्यायचं, आणि द्यायचं किती तर ५ मायक्रोग्रॅम. मिठाचा एक बारीक दाणा ६० मायक्रोग्रॅमच्या आसपास असतो, त्याचा दहावा-बारावा हिस्सा. जास्त झालं तर औषधच पडदा जाळतं. ते पातळ करताना सिस्टर आणि मी दोघी आकडा मोठ्याने म्हणतो, तेव्हा खोलीत दुसरं कुणी बोलत नाही.

वैनगंगा | ७ मे, सकाळी ८:०२

२०२१ च्या मे महिन्यात आईला म्युकर झाली. नागपूर. करोना, साखर ४०० च्या वर, स्टिरॉइड. गाल दुखतो म्हणाली, मग नाकातून काळसर, मग पापणी उघडेना. लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी भाऊ आणि मी रांगेत उभे राहिलो, यादीत नाव लागेपर्यंत दोन दिवस गेले. डोळा काढावा लागला. आई आहे. चष्म्याची एक काच काळी करून घेतली आहे, अजून सांडगे स्वतः घालते.

नेत्रांजन यांनी वर फरक सांगितला तो वाचून बरं वाटलं. आमच्या शेजारणी आजही आईचा टॉवेल वेगळा ठेवा म्हणतात. म्युकर एकाची दुसऱ्याला लागत नाही, हे कृपा करून सगळ्यांनी पसरवा.

रानजाई | ७ मे, सकाळी ८:३०

वैनगंगा, आईंना नमस्कार सांग. डोळे भरून आले.

अंगणवाडा | ७ मे, दुपारी ४:१८

आमच्या बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, महिनाभर सगळं छान. मग हळूहळू धूसर. दुखणं फार नाही, त्यामुळे आम्हीही रेंगाळलो. जिवाणूंचा जंतुसंसर्ग दोन-चार दिवसांत उसळतो, बुरशी आठवड्यांनी डोकं काढते, हे आम्हाला तेव्हा कळलं. दोनदा ऑपरेशन, चार इंजेक्शनं, शेवटी बसवलेली कृत्रिम काचही काढली. रानजाई, तू खरं उत्तर विचारलंस म्हणून खरं लिहिते. बाबांची नजर पहिल्यासारखी आली नाही. पण ती लगेचही ठरली नाही, सहा-सात महिने थोडी थोडी सुधारत राहिली. तिसऱ्या आठवड्यात आम्ही आशा सोडली होती, ती घाई होती.

सिद्धेश_नगर | ७ मे, संध्याकाळी ७:११

कृष्णाकाठ दादा, तुम्ही आता फडात गॉगल वापरता का? आमच्याकडे तोडणीच्या टोळ्या येतात, कुणाच्याच डोळ्यावर काही नसतं.

कृष्णाकाठ | ७ मे, रात्री ९:०४

वापरतो. पहिल्या वर्षी वेल्डिंगच्या दुकानातला पांढऱ्या काचेचा आणला. पहाटे थंडीत आतून वाफ धरते, दिसत नाही, माणसं काढून खिशात टाकतात. मग कडेला भोकं असलेले घेतले, ते बरे चालतात. बीडकडून टोळी येते, त्या मुकादमाला मी सहा चष्मे दिले. पहिल्या दिवशी पोरं हसली. एका बाईनं मात्र दिवसभर काढला नाही. संध्याकाळी म्हणाली, तिच्या सासूच्या डोळ्यात असंच फूल आहे.

आणि एक. वडिलांचा व्रण भरत नव्हता तेव्हा बुबुळ बदलायची तयारी ठेवा म्हणाले होते. तेव्हा कळलं की ते मिळतं ते मेलेल्या माणसाकडूनच, आणि सहा तासांच्या आत काढावं लागतं. आम्हाला लागलं नाही. पण घरात आम्ही पाचही जणांनी नेत्रदानाचे फॉर्म भरलेत.

नेत्रांजन | ७ मे, रात्री १०:३०

कृष्णाकाठ, फॉर्म भरणं चांगलंच, पण घरच्यांना सांगून ठेवणं त्याहून मोलाचं. त्या वेळी फोन त्यांनाच करायचा असतो. पंखा बंद करायचा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा.

थेंबांबद्दल आणखी एक. महाग औषध ते चांगलं असं समजून नातेवाईक व्होरिकोनॅझोलचे थेंब मागतात. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात या थेंबांची नॅटामायसिनच्या थेंबांशी तुलना झाली, निष्कर्ष २०१३ साली आले. बुबुळाच्या बुरशीत नॅटामायसिनच सरस ठरलं, फ्युजेरियममध्ये तर स्पष्टपणे. पण हे बुबुळापुरतं. नॅटामायसिन डोळ्याच्या पोटात पोचत नाही, म्हणून रानजाईच्या भावाला त्याचा उपयोग नाही.

रानजाई | २९ जून, रात्री ८:५०

मंडळी, उशिरा लिहितेय, क्षमा करा. नेत्रांजन यांनी सांगितलं तसा प्रश्न विचारला. बुरशी मध्यबिंदूच्या अगदी काठावर होती, वर नव्हती. तिथे आता व्रण राहिलाय. गोळ्या दोन आठवड्यांपूर्वी बंद झाल्या. डावा डोळा दर वेळी तपासतात, स्वच्छ आहे. मागच्या तपासणीत उजव्या डोळ्याने तक्त्यावरच्या वरच्या तीन ओळी वाचल्या. सरळ रेघ मध्येच वाकडी दिसते, दाराची चौकट पोट सुटल्यासारखी दिसते म्हणतो. डॉक्टर म्हणाले अजून काही महिने बदल होत राहील, अंगणवाडा ताईंनी लिहिलं तसंच.

गावातल्या त्या दवाखान्यात मी स्वतः जाऊन आले. आवाज चढवला नाही. सिस्टर आवळे यांनी लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं. कंपाउंडरने शेवटपर्यंत ऐकलं आणि कागद मागून घेतला.

कृष्णाकाठ | २९ जून, रात्री ९:२०

आणि ट्रॅक्टर?

रानजाई | २९ जून, रात्री ९:३१

डॉक्टरांनी अजून नको सांगितलंय, अंतराचा अंदाज येत नाही म्हणून. पाणी ओततानासुद्धा पेला चुकतो. सध्या वडील चालवतात. तो मागे ट्रॉलीत उभा राहतो, टोपी घालून, तुम्ही सांगितलात तसा कडेला भोकं असलेला चष्मा लावून, आणि बांध जवळ आला की वडिलांना ओरडून सांगतो.